खाऱ्या वाऱ्यामागे मोहन्यापर्यंत

सगळं नीट पार पडलं, हे आधीच सांगून टाकते. आई घरी आहे, ठणठणीत आहे, आणि मी हे लिहितेय तेव्हा शेजारच्या खोलीतून फोनवर कुणाला तरी दटावतेय. माझा प्रबंध सादर झाला, तोंडी परीक्षाही उरकली. हे आधी सांगते, कारण मधली एक दुपार अशी होती की तेव्हा यातलं काहीच होईल असं वाटत नव्हतं, आणि वाचणाऱ्याच्या जिवाला उगाच घोर नको.

मी पुण्यात हवामानशास्त्रात एम.एस्सी. करत होते. दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला स्वतःचा विषय घेऊन प्रबंध लिहावा लागतो. माझा विषय खारा वारा. उन्हाळ्यात दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची दमट, जरा गार हवा आत शिरते. मुंबईकरांना हा वारा ओळखीचा आहे. पण तो खाडीच्या कडेकडेने ठाण्यात, तिथून डोंबिवलीत आणि पुढे कल्याणपलीकडे किती वाजता पोचतो, पोचेपर्यंत किती थकतो आणि एखाद्या दिवशी वाटेतच का बसतो, ते मला बघायचं होतं. प्रबंधात या सगळ्या प्रवासाला एक वाक्य मिळालं: ‘तीन ठिकाणी उपकरणे बसवून मे महिन्यात निरीक्षणे घेतली.’ त्या वाक्यात माझी आई कुठेच नाही. म्हणून हे वेगळं लिहायला घेतलं.

आमचं गाव अंबाजोगाई. बाबा एसटीत कंडक्टर, त्यामुळे मे महिन्यात त्यांना रजा मिळणं कठीण. आई अंगणवाडी सेविका, तिला मे महिन्यात थोडी सुट्टी असते. मी अनोळखी शहरात एकटी जाऊन लोकांच्या गच्च्यांवर चढणार, हे ऐकल्यावर घरात दोन दिवस कुणी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता आईने निकाल दिला.

“मी येते सोबत. पण एक सांगते, हे शेवटचं. ह्याच्यापुढं शिकणं न्हाई. बी.एड. करायचं अन् लातुरात नोकरी बगायची. हवामान शिकून काय करणार तू? टीव्हीवर उभी राहून ढग दाखवणार?”

मी “बरं” म्हटलं. मला पुढे पीएच.डी. करायची होती हे तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे मलाही माहीत होतं. त्या विषयावर आम्ही दोघी कल्याण येईपर्यंत बोललो नाही. खिडकीतून एकेक गाव मागे जाताना ती फक्त एवढंच म्हणाली, “किती हिरवं हाय गं हिकडं, मे महिन्यातबी.”

ठाणे

ठाण्यात नौपाड्यात आईचा लांबचा मामेभाऊ राहतो. मी त्याला मामाच म्हणते. मामा बँकेतून निवृत्त झालेला, मामी शिकवण्या घेते. पहिलं यंत्र त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर बसवायचं ठरलं होतं. यंत्र म्हणजे एका खांबावर पांढरी फटी-फटीची पेटी, आत तापमान आणि दमटपणा नोंदवणारी उपकरणं, आणि वर वाऱ्याचा वेग मोजणारी चार वाट्यांची भिंगरी. ते आपलं आपण नोंदी घेत बसतं.

आम्ही खांब घेऊन लिफ्टमध्ये शिरत होतो, तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले.

“हे मोबाइल टॉवरचं आहे का? आमच्याकडे ज्येष्ठ नागरिक आहेत. रेडिएशन चालणार नाही.”

“नाही काका, हवामानाचं आहे. फक्त मोजतं. काही सोडत नाही.”

“कॅमेरा आहे का आत?”

“नाही.”

“मग पाऊस कधी येणार ते सांगेल का?”

“तेही नाही.”

“मग त्याचा उपयोग काय?” असं म्हणून त्यांनी आईकडे पाहिलं. आईने इतक्या समजूतदारपणे मान हलवली की मला लिफ्टमध्येच गाडून घ्यावंसं वाटलं. पण परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी चालायला निघाले तेव्हा स्वतःच गच्चीवर येऊन भिंगरी फिरतेय ना ते पाहून गेले, आणि त्यानंतर रोज मला तिचा फोटो पाठवू लागले, वर ‘सुप्रभात’ लिहून.

ठाण्यात आईला दोन गोष्टींचं नवल वाटलं. एक, तलावपाळीला संध्याकाळी लोक नुसते चालायला येतात, कुठेही जायचं नसताना. आणि दुसरं, घाम. आमच्याकडे उन्हाळा कडक असतो, पण कोरडा. घाम येतो आणि तिथल्या तिथे वाळतो, ब्लाउजवर मिठाची रेघ तेवढी राहते. इथे घाम येतो आणि मुक्कामाला राहतो. मामी पंखा वाढवायची, आई म्हणायची, “नको, नको, आम्हाला सवय हाय. आमच्याकडं बेचाळीस होतं. हे तर काहीच न्हाई.”

मी तिला माझ्याकडचा हातात धरून फिरवायचा तापमापक दाखवला. एका चौकटीत दोन तापमापक असतात. एक कोरडा, आणि दुसऱ्याच्या टोकाला ओला फडका. मूठ धरून चौकट गरगर फिरवायची. फडक्यातलं पाणी वाळताना तो तापमापक गार होतो. हवा जितकी कोरडी, तितका दोघांत फरक जास्त. अंबाजोगाईला मे महिन्यात हा फरक भला मोठा येतो. आईने ते हातात घेतलं, अंगणवाडीतला खुळखुळा फिरवावा तसं फिरवलं आणि तिला ते फार आवडलं. दर तासाला ते फिरवण्याचं काम तिने परस्पर स्वतःकडे घेतलं. मला म्हणाली, “तू लिही. मी फिरवते.” नोकरी मिळाल्यासारखी ती खूश होती.

मोहने

डोंबिवलीतल्या मानपाड्याला मुक्काम करायचा होता, पण आधी शेवटचं टोक उरकावं म्हणून आम्ही कल्याणपलीकडे मोहन्याला गेलो. जुन्या रेयॉन कारखान्याच्या आसपास वसलेली ही वस्ती. कारखान्यामुळे कुठून कुठून माणसं इथे आली आणि राहिली. उल्हास नदी जवळच आहे. तिथे जोगळेकर सर भेटले. निवृत्त शिक्षक, माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमचे जुने परिचित. त्यांच्या घराच्या गच्चीवर यंत्र बसवायचं होतं.

सर पांढरा सदरा घालून दारातच उभे. “या, या. आपण अकरा म्हणाला होतात, आता सव्वाअकरा होत आहेत. हरकत नाही. रिक्षावाल्याने वळसा घातला असणार.” त्यांचं मराठी इतकं शुद्ध की आई त्यांच्यासमोर एकदम ‘आहे’ आणि ‘नाही’ म्हणायला लागली. मी पहिल्यांदाच तिला असं बोलताना ऐकलं.

सरांनी कोकम सरबत दिलं. आईने ओठ ओले करण्यापुरतं घेतलं आणि ग्लास खाली ठेवला. सर म्हणाले, “आपल्याला आवडलेलं दिसत नाही.” ती म्हणाली, “तसं नाही सर. पोट भरलेलं आहे.” मी तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नाही.

मोहन्याला एक फजिती झाली. मी खांब उभा करून खाली गेले आणि वर आले तर एक कावळा त्या हाताने फिरवायच्या तापमापकाचा ओला फडका घेऊन उडाला. मे महिना, कावळ्यांचे घरटी बांधायचे दिवस. मलमलीचा इतका मऊ तुकडा त्याला फुकट मिळाला. आई त्याच्यामागे “हाड, हाड” करत गच्चीभर धावली. शेवटी सरांनी आपलं एक जुनं धोतर आणून दिलं, “हे पुष्कळ वर्षांचं आहे, त्यामुळे मऊ आहे,” आणि आम्ही त्याच्या कडेची पट्टी कापली. प्रबंधात ‘मलमलीची वात’ असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात निम्म्या नोंदी जोगळेकर सरांच्या धोतरावर घेतलेल्या आहेत.

मानपाडा

माझ्या वर्गातल्या पूजाची आत्या डोंबिवली पूर्वेला मानपाड्यात राहते. रंजनाकाकू. इथले जुने आगरी लोक. पूर्वी शेती, त्याआधीच्या पिढीत काहीजण मिठागरांवर. आता शेताच्या जागी इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्या मधोमध काकूंचा तीन मजली बंगला, फिकट जांभळा. एका बाजूला औद्योगिक वसाहत. वारा तिकडून आला की नाकात काहीतरी तिखट, गोडसर शिरतं. काकू तेवढ्यापुरता पदर नाकाला लावतात आणि बोलणं तसंच चालू ठेवतात.

काकूंनी आम्हाला पाहिल्या पाहिल्या पहिला प्रश्न विचारला, “म्हावरा खातंव ना?”

आईला म्हावरा म्हणजे मासळी हे समजावून सांगावं लागलं. मग तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. आमच्या घरात वर्षातून चार वेळा मटण होतं, पण मासा तिने ताटात कधी पाहिलेला नाही. त्या दिवशी काकूंकडे सुके बोंबील भाजत होते. आई ओटीवरच थांबली, आत येईना.

काकू हसल्या. “नाय खात तर नाय खात. त्याच्यान काय लाजाचा? तुला वालाचा बिरडा करतंय. ये गो, आत ये.”

पुढच्या दिवसांत दोघींची मैत्री भाकरीवरून जमली. काकू तांदळाच्या पिठाची उकड काढून पातळ, पांढरीशुभ्र भाकरी करतात. आईने आमची ज्वारीची भाकरी थापून दाखवली आणि शेंगदाण्याची चटणी कुटली. काकूंचा मुलगा अक्षय तिशीतला, गाड्या भाड्याने देण्याचा धंदा करतो. तो ती चटणी पाहून म्हणाला, “मावशी, एक नंबर! हे पॅक करून विका इकडे, फुल चालेल.” आई लाजली, पण दुसऱ्या दिवशी दुप्पट कुटली.

गच्चीवर एका बाजूला पत्र्याची शेड आणि दुसऱ्या बाजूला पाण्याच्या टाक्या. आम्ही मधे खांब उभा केला. रोज दुपार झाली की मी आणि आई शेडखाली बसून वारा येण्याची वाट बघायचो. तो येतो तेव्हा कळतं. आधी सगळं थबकल्यासारखं होतं, मग भिंगरी दोनतीनदा अडखळते, पुन्हा गरगरते, आणि पश्चिमेकडून एकसारखी झुळूक सुरू होते. समोरच्या इमारतींमधले वाळत घातलेले कपडे एकदम एका दिशेला वळतात. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी ओरडलेच. पुस्तकात आकृती काढून शिकलेली गोष्ट अंगावरून गेली होती. आई म्हणाली, “एवढ्यासाठी आलो होय?” आणि मग पदराने मान पुसत, “चांगला हाय पण.”

ती दुपार

त्या दिवशी सकाळपासूनच हवा वेगळी होती. वारा पूर्वेकडून, जमिनीवरचा, आणि तोही मेल्यासारखा. आभाळ धुरकट पांढरं. ठाण्याच्या यंत्रावर खारा वारा आल्याचं मला फोनवर दिसत होतं, पण आमच्याकडे काही हलत नव्हतं. कोरडा तापमापक अडतीसच्या पुढे आणि ओला त्याच्या मागोमाग, हवेत नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पाणी. मला आनंद झाला होता, तो शास्त्राचा आनंद. वारा वाटेत बसतो कसा, तेच तर मला हवं होतं.

तेवढ्यात भिंगरीची वायर निसटली. तिच्यापर्यंत हात पोचावा म्हणून मी शिडी लावून शेजारच्या टाकीवर चढले. आईने खाली शिडी धरली. शिडी उन्हात होती. मी दोनदा म्हटलं, “सोड, मी उतरते सावकाश.” ती म्हणाली, “पडशील. मी धरलीय.” स्क्रू घट्ट बसत नव्हता. मी वर वाकून खटपट करत होते आणि खालून तिचा आवाज आला.

“कुलूप लावलंस का?”

“कसलं कुलूप?”

“अंगणवाडीला कुलूप लावलं तू. पोरं आत राहिली की गं. त्यांचं खाणं द्यायचंय अजून.”

मी खाली पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, पण मला बघत नव्हती. चेहरा लालबुंद. मी कशी उतरले ते आठवत नाही. तिच्या दंडाला हात लावला तर तव्याला लावावा तसा. ती शिडी सोडेना. “पोरं आत हायेत,” एवढंच म्हणत होती, मग गुडघ्यातून वाकली आणि माझ्या अंगावर आली.

आम्हाला एक पूर्ण प्रकरण आहे, उष्णता आणि माणसाचं शरीर. मी ते परीक्षेत लिहून चांगले गुण मिळवले होते. त्यातलं एकच वाक्य मला त्या क्षणी आठवलं: थकवा, घाम, डोकेदुखी इथपर्यंत विश्रांती चालते, माणूस असंबद्ध बोलू लागला की मेंदू तापलाय, आधी अंग गार करा, मग बाकीचं.

मी काकूंच्या नावाने अशी हाक मारली की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. काकू आणि अक्षय धावत वर आले. अक्षयने आईला उचललं. “गाडी काढू? डायरेक्ट हॉस्पिटल?”

“आधी गार करायचं. पाणी, भरपूर पाणी. आणि बर्फ,” मी म्हटलं.

तळमजल्याच्या मोरीत आम्ही तिला बसवलं, म्हणजे काकूंनी मागून धरून ठेवलं. अक्षयने पाइप लावला. मी तिच्या अंगावर पाणी सोडत होते आणि काकूंची सून पुठ्ठ्याने वारा घालत होती. “बर्फ?” मी विचारलं. काकूंनी मोरीतूनच आवाज दिला, “फ्रीजरमधला सगला काढ!” सुनेने दार उघडलं. बर्फाच्या ट्रेमध्ये मोजून चार खडे. बाकी फ्रीजरभर दगडासारखी गोठलेली मासळी, पिशव्यांत बांधलेली.

“तेच आण!” काकू ओरडल्या.

अशा रीतीने माझ्या आईच्या दोन्ही काखांत सुरमई, मानेला कोलंबीची पिशवी आणि मांड्यांच्या मधे हलवा माशाचे तुकडे, अशा अवस्थेत आम्ही तिला गाडीत घातलं. मी मागे तिच्यासोबत, काकू पुढे अक्षयशेजारी, मागच्या सीटवर पाण्याचं तळं. रस्त्यावर नेहमीची कोंडी. अक्षय खिडकीतून हात काढून ओरडत होता, “अरे हटा ना भाई, पेशंट आहे!” आणि लोक खरंच हटत होते. एका दुचाकीवाल्याने तर पुढे जाऊन आम्हाला वाट करून दिली. मी आईला सारखं नाव विचारत होते. तिचं स्वतःचं नाव. ती उत्तर देत नव्हती. बाबांना काय सांगू, एवढा एकच विचार डोक्यात फिरत होता. आणि तेव्हा मी मनाशी ठरवलं की हे सगळं इथेच सोडून द्यायचं. वारा कुठवर येतो ते कळलं नाही तरी जग चालेल.

दवाखान्याच्या वळणावर तिने डोळे उघडले, नाक फुगवलं.

“कुठनं यायलाय गं हा वास?”

“कसला?”

“मासळीचा.” मग स्वतःकडे पाहिलं. “अगं बाई! हे काय घातलंस माझ्या अंगाला?”

मी हसायला लागले आणि थांबताच येईना. अक्षयला वाटलं मला काहीतरी झालं. त्याने गाडी जवळजवळ दुभाजकावर घातली.

दवाखान्यात

डॉक्टर माझ्याहून फार मोठी नसेल. तिने तपासलं, सलाइन लावलं, रक्त घेतलं, मग पिशव्यांकडे बोट दाखवून विचारलं, “ही आयडिया कुणाची?” काकूंनी हात वर केला. “बरं केलंत. उचलून नुसतं इथे आणत बसला असता, तर या ट्रॅफिकमध्ये काय झालं असतं सांगता येत नाही. आणि असंबद्ध बोलतायत हे कुणाच्या लक्षात आलं?”

आई पडल्या पडल्या म्हणाली, “माझ्या पोरीच्या. ती हवामानाचं शिकते. मोठं शिक्षण हाय ते, एम.एस्सी.” आणि हे तिने त्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक नर्सला सांगितलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी विचारलं, “म्हणजे पाऊस सांगते का?” आई म्हणाली, “पाऊस न्हाई, वारा. त्याच्यात लई प्रकार असतात.”

डॉक्टरने तिला विचारलं, दिवसभरात पाणी किती पीत होतात? आईने चादरीचं टोक सरळ केलं. पुन्हा विचारलं. मग हळूच म्हणाली, “थोडं थोडं.”

“का पण?”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि भिंतीकडे तोंड केलं. “लोकाच्या घरी सारखं सारखं जावं लागतं ना मग. बरं दिसतं का ते?”

मग काकू उठल्या. असा राग मी क्वचित पाहिला आहे.

“लोकाचा घर? माझा घर लोकाचा? तीन मजले बांधले, पाच संडास काढले त्याच्यात. मी काय पूजा करतंय त्यांची? एक एकीला एकेक देतंय मी आता, नावाचा! जिवावर उठली माझे घरात येऊन, अन् लाज कसली, तर मुताची!”

सगळा वॉर्ड हसला. आई पदरात तोंड लपवून रडली आणि हसली, दोन्ही एकदम. मी एम.एस्सी. करत होते, दमटपणाची सूत्रं पाठ होती, आणि आम्ही सगळ्याच बायका घराबाहेर पडलो की पाण्याचा घोट मोजून घेतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या, पण त्यांची गाठ कधी पडली नव्हती.

संध्याकाळी मी बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन मॅडमना फोन केला. म्हटलं, “मी हे इथेच थांबवते. प्रबंध पुढच्या वर्षी करेन, नाहीतर नाही करणार.”

मॅडम म्हणाल्या, “आज काहीच ठरवू नकोस. आई बोलतेय ना? मग आधी तू चहा पी.” त्यांनी बाकी काही सांगितलं नाही, याचे मी अजून आभार मानते.

मी परत आले तर आईने खाटेवर उठून बसत विचारलं, “ती वायर लागली का?”

“आई, जाऊ दे ना ते. आपण घरी जायचंय.”

“कामून? अजून दिवस राहिलेत की. अर्धवट काम टाकून जायचं अन् मग लोकानं विचारलं की म्हणायचं, आईला ऊन लागलं म्हणून राहिलं? माझं नाव नको लावूस त्याला.” मग जरा वेळाने, खाली बघत, “अन् ते पुढचं काय ते शिकायचंय तुला, त्याचा फारम का काय असतो तो भर. बी.एड.चं बगू मग.”

काकूंनी मान डोलावली, जणू हा ठराव त्यांनीच मांडला होता.

राहिलेले दिवस

बाबा दुसऱ्या दिवशी आले. सहकाऱ्याने त्यांची ड्युटी घेतली होती. ते खाकी कपड्यांतच आले, आईजवळ बसले आणि बराच वेळ तिचा हात धरून राहिले. अक्षयने त्यांना गच्चीवर नेऊन सगळी यंत्रं समजावून सांगितली, बरीचशी चुकीची. मी दुरुस्त केलं नाही.

दवाखान्यातून काकूंकडे परतल्यावर आईला गच्चीवर यायची बंदी होती. ती खाली पंख्याखाली काकूंच्या पहाऱ्यात बसायची आणि काकू दर थोड्या वेळाने तांब्या पुढे करायच्या. ती “झालं की” म्हणाली तर काकू तिथेच उभ्या राहायच्या. निघायच्या आदल्या दिवशी आईने स्वतःहून ताटात बोटाएवढा सुरमईचा तुकडा घेतला. “वाचवलंय तिनं मला,” म्हणाली, आणि डोळे मिटून गिळला. आवडला नाही. पण तिने तसं काकूंना सांगितलं नाही.

खारा वारा शेवटच्या दिवसांत रोज आला. मोहन्याला तो उशिरा पोचायचा आणि पोचेपर्यंत त्याच्यात फारसा दम राहिलेला नसायचा, पण जोगळेकर सर न चुकता फोन करून कळवायचे: “आला. सौम्य आहे, परंतु आला.”

पुण्यात परतल्यावर त्या दुपारचा आलेख काढला. ठाण्याला वारा वेळेवर आला होता. मानपाड्याला (भिंगरी बंद होती, पण तापमान आणि दमटपणावरून कळलं) थेट संध्याकाळी, म्हणजे आई खाटेवर उठून बसली त्या सुमाराला. मोहन्याला आलाच नाही. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या एका दिवसावर आहे. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “हा एकच दिवस इतक्या विस्ताराने का?” मी हवेचा दाब, पूर्वेचा वारा, दमटपणा, सगळं नीट सांगितलं. ते म्हणाले, “हं. आणि अशा दिवशी माणसांचं काय होतं, याचा विचार केला आहे का?” मी म्हटलं, “हो सर. पीएच.डी.चा तोच विषय आहे.” मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या, पण हसल्या ते मला दिसलं.

त्याच आठवड्यात मी घरी गेले. दुपारी पोचले. बाबा ड्युटीवर. आई जेवून कूलरसमोर आडवी झाली होती, डोळे मिटलेले, पदर तोंडावर. मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्याजवळ उभी राहिले. पदर वरखाली होतोय का ते बघत. होत होता. तरी मी बघत राहिले.

“काय बगायलीस?” पदराखालून आवाज आला. “जित्ती हाय मी. माठातलं पाणी पी अन् झोप तूबी.”

मी पाणी प्यायले, तिच्या शेजारी चटईवर आडवी झाले, आणि किती महिन्यांनी कोण जाणे, ऊन उतरेपर्यंत गाढ झोपले.